बाई, भूपातला 'म' कुठे ठेवलाय?

मंद्रमावशी (धागाकर्ती)

गेली सोळा वर्षं ठाण्यात घरच्या घरी गाण्याचा क्लास घेते. गुरुवारी आणि शनिवारी संध्याकाळी लहानांची बॅच. आठ ते अकरा वयाची चौदा मुलं. हॉलमधला टीपॉय आत सरकवायचा, सतरंजी टाकायची, तंबोऱ्याचं अॅप लावायचं (खरा तंबोरा आहे घरात, पण चौदा मुलांच्या मध्ये तो ठेवायची छाती होत नाही) आणि 'सा' लावायचा. एरवी सगळं सुरळीत चालतं.

मागच्या महिन्यात भूप राग सुरू केला. नेहमीसारखं सांगितलं, की म आणि नी वर्ज्य. मुलांनी वहीत लिहून घेतलं. सगळ्यात मागे बसणारी एक मुलगी आहे, निम्मा तास पेन्सिलीला टोक काढण्यात घालवणारी. तिने विचारलं, "बाई, म काढला ना, मग तो ठेवला कुठे?"

सगळी हसली. मीही हसले. "वर्ज्य म्हणजे घ्यायचा नाही" असं म्हणून पुढे गेले. रात्री ओटा आवरताना मात्र ते डोक्यातून जाईना. मी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. आमच्या बाईंकडे तशी पद्धतच नव्हती. काही विचारलं की त्या म्हणायच्या, "तोंडाने नको, गळ्याने विचार." मला त्याचा अर्थ 'गप्प बस' एवढाच कळायचा.

पुढच्या गुरुवारी मी मुलांना म्हटलं, चला, आज म परत आणू या. आधी शुद्ध म घालून प्रत्येकाने एक ओळ गायची. मग तीव्र म (शुद्ध म पेक्षा अर्धा सूर चढा) घालून. मग दोन्ही काढून, म्हणजे पुन्हा भूप. काही शिकवायचं नाही, नुसतं गायचं आणि काय झालं ते सांगायचं.

शुद्ध म आला तशी तीन-चार मुलं ग वरून घसरून त्या म वर जाऊन बसली आणि तिथून हलेनात. एक मुलगा म्हणाला, "इथे खुर्ची आहे." तीव्र म लावल्यावर उलटं. तिथे कुणी थांबेना, सगळे धावत प वर. आणि दोन्ही काढल्यावर एक जण वैतागून म्हणाला, "आता उडीच मारायला लागते." सोळा वर्षं मी भूप शिकवतेय आणि ग ते प ही उडी आहे हे मला त्या दिवशी ऐकू आलं.

हा झाला आनंदाचा भाग. शनिवारी दोन मुलांनी बंदिशीत बिनधास्त म लावला, आणि त्याच रात्री पालकांच्या ग्रुपवर एका आईचा मेसेज आला: "ताई, नोव्हेंबरमध्ये परीक्षा आहे. भूपात म शिकवलात तर मुलं तिथेही म लावतील." खोटं कशाला बोलू, त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

तर मंडळी, तुम्ही गाणं कसं शिकलात? 'का' विचारायची सोय होती का? शिकवणारे कुणी असाल तर असले उद्योग केले आहेत का, आणि निस्तरले कसे?

---

तिरकीटधा

शुद्ध कल्याणात ठेवलाय. तोही चोरून. :)

---

वाचनमात्र_सुमी

तिरकीटधा, आम्हा पामरांसाठी जरा इस्कटून सांगा की.

---

तिरकीटधा

भूपाचे पाच सूर घ्या. चढताना तेच ठेवा. उतरताना तार सा वरून ध वर येताना नी ला आणि प वरून ग वर येताना तीव्र म ला मिंडेत (सुरावरून सुरावर घसरत) नुसतं पुसटसं घासून यायचं. झाला शुद्ध कल्याण. तो म ठसठशीत लावलात की बिघडला. तेव्हा त्या मुलीला सांगा, म शेजारच्या घरात आहे, पण ते लोक तो पाहुण्यांना दाखवत नाहीत.

(अवांतर: मी तबलेवाला. गवय्यांच्या मागे बसून बसून एवढंच शिकलो.)

---

काळी_चार

मावशी, राग मानू नका, पण मला त्या आईची बाजू पटते.

मी पुण्यात अकरा वर्षं एकाच गुरूंकडे शिकले. पहिली दीड वर्षं फक्त यमन. त्यातही पहिले काही महिने नि रे ग, रे ग म, असे पलटे (त्याच सुरांच्या ठरावीक क्रमाने घोटायच्या ओळी). कंटाळा यायचा, रडू यायचं. पण आज मला झोपेतून उठवून यमनचा ग लावायला सांगितलात तर तो जागेवर लागतो. कान तयार व्हायच्या आधी मुलांपुढे दोन-दोन म ठेवले तर त्यांना एकही धड मिळत नाही. हाताला भाकरी थापायची सवय लागायच्या आधीच आपण त्यांना आकार बदलायला लावतोय.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अप्रामाणिकपणा होईल. शिकण्याच्या बाराव्या वर्षी गुरुजी मुलाकडे परगावी गेले आणि मी एकटीच तंबोरा घेऊन बसले. यमन सुरू केला. पंधरा मिनिटं छान गेली आणि मग संपलं. त्यांनी दिलेले आलाप संपले, म्हणून गाणं संपलं. माझा स्वतःचा म्हणावा असा एक आलाप माझ्याकडे नव्हता. त्या दिवशी फार भीती वाटली होती.

तरीही सांगेन, आधी पाया.

---

गुरुमुखी

काळी_चार यांच्याशी सहमत, शेवटचा परिच्छेद सोडून. ती भीती वाटणं हेसुद्धा शिक्षणच.

आता कुणीतरी कुमार गंधर्वांचं नाव घेणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. हल्ली ज्याला पलटे करायचा कंटाळा येतो तो 'कुमारजींनी नाही का प्रयोग केले' म्हणतो. प्रयोग करायला आधी काहीतरी हातात असावं लागतं.

---

ऑपेरा_हाऊस

गुरुमुखी, नाव तुम्हीच घेतलंत, आता ऐका.

कुमार गंधर्व लहानपणी काय करायचे? मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तसंच गायचे. सात-आठ वर्षांचं पोर, आणि जलसे गाजवत होतं. म्हणजे हातात 'काहीतरी' भरपूर होतं. मग ते मुंबईला प्रो. बा. र. देवधरांकडे आले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पण त्यांची चौकसबुद्धी भलती होती. पाश्चात्त्य संगीत शिकले, आवाजाच्या शास्त्रावर पुस्तक लिहिलं, आणि ऑपेरा हाऊसजवळच्या त्यांच्या शाळेत नाना घराण्यांचे गवई येऊन गात. 'आमच्या घराण्याबाहेरचं ऐकू नका' हा त्या काळचा दंडक तिथे नव्हता. इतरांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या मुलाला ही जागा मिळाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुसरीकडे कदाचित तो उत्तम नकलाकार राहिला असता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. क्षय झाला, १९४८ साली देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद. पण ऐकणं बंद नव्हतं. माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत पडून राहिले आणि त्यांच्या डोक्यात प्रश्न आला, की या धुनांतूनच राग निघाले असतील तर अजूनही निघायला हवेत. मग मालवती, सहेली तोडी, संजारी, मधसुरजा असे धुनउगम (लोकधुनांतून निघालेले) राग झाले, १९६५ ला 'अनूपरागविलास' आलं. हा प्रश्न त्यांनी तोंडाने विचारला असता तर कुणीतरी 'राग असे बनत नसतात' म्हणून गप्प केलं असतं. मावशींच्या बाई म्हणायच्या तेच, गळ्याने विचारला.

---

गुरुमुखी

तुमचा प्रतिसाद नीट वाचला तर माझंच म्हणणं सिद्ध होतं. आधी भरपूर नक्कल, मग प्रश्न. मावशींची मुलं आठ वर्षांची आहेत.

---

ऑपेरा_हाऊस

कुमारही आठ वर्षांचेच होते की नक्कल करताना. बरं, घराण्याचं म्हणाल तर गायक भास्करबुवा बखल्यांचं काय? बडोद्याला फैज महंमद खाँ, मग आग्र्याचे नत्थन खाँ, मग अल्लादिया खाँ. तीन उस्ताद, तीन वाटा. एका गुरूच्या उत्तराने समाधान झालं असतं तर दुसऱ्याच्या दारात कशाला गेले असते?

---

चिंगूची_आई

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

तिरकीटधा

चिंगूची आई, काढलात का? मी वाचला होता, चांगला होता.

---

मिरजेचा_भोपळा

इथे सगळे प्रयोग म्हणजे आजकालचं फॅड असल्यासारखं बोलताहेत, म्हणून लिहितो.

आमच्या मिरज-सांगलीकडची गोष्ट. अब्दुल करीम खाँसाहेब म्हणजे किराणा घराण्याचा सूर. तंबोरा जुळवायला बसले की तास-तास जायचा, अशा आठवणी आमच्याकडे जुनी माणसं सांगायची. सांगलीला कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. त्यांना ध्यास लागला, की ग्रंथात ज्या बावीस श्रुती (सप्तकातल्या सुरांच्या बारीक जागा) म्हणतात त्या आजचा गवई खरोखर गातो का? त्यांनी खाँसाहेबांना समोर बसवलं, गायला लावलं आणि सूर मोजले. १९१० साली त्यावर पुस्तक काढलं. साताऱ्याकडे क्लेमंट्स नावाचे इंग्रज जज्ज होते, तेही यात ओढले गेले. बावीस श्रुतींची पेटी बनवली! १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत त्या पेटीवरून चांगलीच खडाजंगी झाली. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना ते पटलं नव्हतं. पण भातखंडे तरी कोण? पेशाने वकील. देशभर हिंडून, प्रश्नांची यादी घेऊन पंडित-उस्तादांची उलटतपासणी करणारा माणूस.

आणि फार मागे जायचं तर भरताचं नाट्यशास्त्र उघडा. दोन वीणा घ्या, अगदी सारख्या जुळवा. एक तशीच राहू द्या, दुसरीचे सूर एकेका पायरीने उतरवत जा, आणि कधी कोणता सूर पहिलीतल्या खालच्या सुराशी जाऊन मिळतो ते कानाने बघा. हा प्रयोग नाही तर काय आहे? त्यातली खुबी मात्र ध्यानात घ्या. एक वीणा हलवायची नाही. दोन्ही हलवल्या तर काहीच कळणार नाही. मावशी, तुमच्या प्रयोगात न हलणारी वीणा कोणती होती?

---

मंद्रमावशी

भोपळादादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने थांबायला लावलं. अॅप चालू होतं, म्हणजे सा-प हलत नव्हते. पण मी पहिला म, दुसरा म, बिनम असं भराभर करत गेले आणि नंतर मूळ भूपात परत येऊन बसलेच नाही. तास संपला, मुलं चपला घालायला लागली. शनिवारी जो म बंदिशीत आला तो तिथूनच आला असणार.

---

हर्ट्झअण्णा

मुक्काम श्टुटगार्ट. पेशाने इंजिनीअर, गळ्याने हौशी. मावशी, तुमच्या मुलांसाठी एक प्रयोग देतो. पण त्यासाठी अॅप नको, खरा तंबोरा बाहेर काढावा लागेल.

समजा तुमचा सा काळी चार (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी). मग खर्जाची (सगळ्यात खालच्या सा ची) तार साधारण १०४ हर्ट्झवर बोलते. एकच तार छेडली तरी तिच्यातून दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे बारीक सूर निघत असतात. पाचपट म्हणजे ५१९ च्या आसपास. हाच तो स्वयंभू गंधार. जवारी (तारेखालच्या घोडीची घडण) चांगली असेल तर तार सोडल्यावर तो हळूच वर येतो. आता पेटीवर तार सप्तकातला ग दाबा. बाजारातली साधी पेटी असेल तर तिचा ग ५२३ ला असतो, कारण पेटीत बाराही सुरांमधलं अंतर सारखं वाटून घेतलेलं असतं. दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला साधारण चार वेळा लाटेसारखा खालीवर होतो. ती लाट ऐकायला लावा. गाणं सुरात आहे का हे आम्ही कशाने ठरवतो, ते मुलांना कुणी न सांगता कळेल. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दारं बंद केली होती, त्यामागे हेही एक कारण होतं.

स्वतःची फजिती सांगून थांबतो. इकडे गुरू नाही म्हणून आठ महिने सूर दाखवणारं अॅप बघून रियाज केला. सुई हिरव्यात आली की खूश. सुट्टीत पुण्याला एका बाईंकडे गेलो. त्यांनी पहिल्या मिनिटाला फोन उलटा ठेवायला सांगितला, आणि माझा ग कुठल्या कुठे गेला. डोळे सुईवर, कान सुट्टीवर!

---

काळी_चार

अण्णा, शेवटचं वाक्य माझ्या क्लासच्या भिंतीवर लावणार आहे.

---

घशाचं_बोला

मी स्पीच थेरपिस्ट आहे. धाग्यावर सगळे कानाबद्दल बोलताहेत, घशाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून व्यवसायाची खाज.

काळी चारच्या सा ला घशातल्या स्वरपट्ट्या सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा एकमेकींवर आदळतात. तार सा ला चारशेच्या वर. म्हणजे तुमचा अर्धा तास रियाज झाला की किती ते गुणून बघा. त्यामुळे सुरांचे प्रयोग हवे तेवढे करा, पण जोराचे प्रयोग नकोत. 'खालच्या पट्टीत जाऊन बघू', 'अजून वर किती जातो बघू' असल्या स्पर्धा लहान मुलांत लावू नका. दुखलं, खाजलं, दुसऱ्या दिवशी आवाज जड झाला, की थांबायचं. आवाज बसलेला असताना 'गाऊन गाऊन सुटेल' हे ऐकलेले पेशंट माझ्याकडे नेहमी येतात.

अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट आपण सगळे भक्तिभावाने सांगतो: अमलेटा संस्थानात अतोनात गाऊन आवाज गेला, आणि जो आवाज परत आला त्याला शोभेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. थोर माणूस. पण त्या वाटेने पेशंट पाठवू नका.

मुलांना आवडेल असा एक बिनधोक खेळ सांगते. पाण्याच्या ग्लासात बोटभर बुडेल अशी साधी स्ट्रॉ धरून तिच्यातून 'ऊ' करत सा रे ग म म्हणायचं. बुडबुडे सारखे यायला हवेत. तोंडाशी थोडी अडवणूक असली की आतला दाब असा काही जुळतो की स्वरपट्ट्या कमी जोराने आदळतात. सर्दीनंतर मी स्वतः करते. मुलं पाणी सांडतात, ते गृहीत धरा.

आणि एक विचारते. तुमच्याकडे बारा-चौदा वर्षांचे मुलगे असतील ना? आवाज फुटायला लागला की त्यांचं काय करता?

---

मंद्रमावशी

खरं सांगू? ते यायचेच बंद होतात. मी 'आवाज बसेपर्यंत थांब' म्हणायचे आणि नंतर कुणी परतलं नाही. सोळा वर्षांत एकच परत आला, तो तबला शिकायला लागला होता.

---

घशाचं_बोला

बहुतेक ठिकाणी हेच होतं. मुलाचा आवाज त्या वर्ष-दोन वर्षांत जवळजवळ एक सप्तक खाली येतो. तोवर गाणं पूर्ण बंद करायची गरज नसते. हळू गायचं, ओढूनताणून वर जायचं नाही आणि सा ठरलेला ठेवायचा नाही. दर महिन्याला पट्टी शोधायची. 'आज माझा सा कुठे आहे' हे ज्या मुलाला दर महिन्याला नव्याने शोधावं लागतं, त्याच्याइतका प्रयोग तर इथे कुणीच करत नाहीये! त्याला घरी बसवू नका.

---

फोंडेकर

आमच्या गोंयात चवथीला (गणेशचतुर्थीला) घुमट आरती असते. घुमट, शामेळ, कासाळं ही वाद्यं. ती कुणी क्लास लावून शिकत नाही (हल्ली स्पर्धा झाल्यापासून शिकतात, ते सोडा). आम्ही लहान असताना मोठ्यांच्या पाठीमागे उभे राहायचो आणि ओरडायचो. चुकलं तर कुणी सांगत नसे, पण पाठीमागून पुढे यायला मिळत नसे. कळलं की चुकतंय. तीन-चार चवथी गेल्यावर कोणीतरी आपला हात धरून पुढे ओढायचा.

तोवर मागे उभं राहून मी काय वाट्टेल ते करून बघितलंय. एक ओळ वरच्या सुरात, एक मामाच्या आवाजात. गोंगाटात कोणाला ऐकू जाणार? क्लासात ही सोय नाही. चौदा मुलांत एकाने चूक केली की तेरा जण वळून बघतात.

घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे. ते बंद झालं, आता बकऱ्याचं. आवाज बदलला म्हणून म्हातारे कुरकुरले. आता तोच आवाज 'आमचा' झालाय.

---

पाच_सूर

मुलांसाठी कोडं. पेटीवर भूप लावा: सा रे ग प ध. पट्ट्या त्याच ठेवायच्या, एकही नवी दाबायची नाही. फक्त सा समजायची पट्टी बदलायची. आधी रे ला सा समजून पाच सूर वर-खाली वाजवा. मग ग ला. मग प ला. मग ध ला. चार वेगळे राग निघतात. कोणते?

---

वाचनमात्र_सुमी

पेटी काढून बसले. ग ला सा केलं तर मालकंस!! अहो हे काय आहे? तेवढ्याच पट्ट्या दाबतेय मी!

---

तिरकीटधा

रे वरून मधमाद सारंग, प वरून दुर्गा, ध वरून धानी. पण 'सारंग निघाला' म्हणू नका, सारंगाचे सूर निघाले म्हणा. राग निघायला गवई लागतो.

---

गुरुमुखी

तिरकीटधा यांच्या शेवटच्या वाक्यासाठी +१. सा ची जागा बदलून तेच सूर वाजवायचे, ही मूर्च्छना. आमच्या गुरुजींनी हे आम्हाला सहाव्या वर्षी दाखवलं होतं. आणि कबूल करतो, त्या रात्री झोप आली नव्हती. पहिल्याच वर्षी दाखवलं असतं तर झोप आली असती का, माहीत नाही.

---

मंद्रमावशी

पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय. सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, तर हिशेब द्यायला हवा.

एक. प्रयोगाची वेळ ठरवून टाकली. बंदिश म्हणून झाली की शेवटची दहा मिनिटं. आणि त्यानंतर एकदा मूळ राग गाऊनच घरी जायचं. भोपळादादांची न हलणारी वीणा. बंदिशीत म यायचा बंद झाला, त्या आईंना तसं कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ मी शोधत बसले नाही.

दोन. खरा तंबोरा गवसणीतून काढला. जवारीवरचं, तारेखालचं सूत कधीचं गळून पडलं होतं, ते घातलं, तास गेला. मग अण्णांचा गंधार. चौदापैकी चौघांना तार सोडल्यावरचा ग ऐकू आला, बाकीच्यांनी 'आला आला' म्हणून माझं मन राखलं. पेटीबरोबरची लाट मात्र बहुतेकांना ऐकू आली, एकाने हाताने वरखाली करून दाखवली. तोटा माझा झाला. आता क्लासमध्ये पेटीवर ग दाबला की मला ती लाटच ऐकू येते. इतकी वर्षं कशी नाही आली?

तीन. तंबोरा बंद करून गायचा प्रयोग केला, तो पार फसला. चार ओळींत सगळे अर्धा सूर खाली, आणि कुणाला पत्ता नाही. तंबोरा पुन्हा लावल्यावर जो चेहरा झाला तो बघण्यासारखा होता. काळी_चार, तुमच्या पलट्यांची त्या दिवशी आठवण झाली. पुढच्या तासापासून पाच मिनिटं नुसता सा-प. कुणी कुरकुरलं नाही, कारण कशासाठी ते त्यांनीच ऐकलं होतं.

चार. फोंडेकरांचं वाचून आता प्रयोगाच्या वेळी मुलांना एकमेकांकडे पाठ करून बसवते. आवाज दुप्पट झाला. खालच्या मजल्यावरच्या काकांनी चौकशी केली.

पाच. स्ट्रॉ. सतरंजी दोनदा वाळवली. पुढच्या वेळी बाथरूममध्ये.

मोठ्या बॅचमध्ये, म्हणजे विशीच्या पुढच्या मुलींबरोबर, मारवा-पूरिया-सोहनी एकत्र घेतले. तिघांत सूर तेच: सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी. म्हटलं, कोण कुठे राहतो ते शोधा, मी सांगणार नाही. एकीने मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) नी-ग भोवती घुटमळून पूरिया गाठला. एकीने तार सा च्या आसपास हुंदडून सोहनी. मारव्यापाशी सगळ्या अडकल्या. रे आणि ध वर थांबा, एवढं सांगून बघितलं तरी पूरियाच व्हायचा. शेवटी एक जण म्हणाली, "सा वर येऊन बसतोय म्हणून होतंय का असं?" आणि तिने सा टाळून नि रे, नि ध, म ध असं फिरत राहायला सुरुवात केली. पुरा दीड मिनिट तिने सा लावला नाही. मग लावला. दोघींच्या तोंडून एकदम 'हाऽऽ' निघालं. माझ्या बाईंनी मला मारवा दिला तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, 'सा लपव'. मी वीस वर्षं तो लपवतेय, पण कशासाठी ते या मुलीच्या गळ्यातून कळलं.

आता शेवटचं. परवा लहानांच्या बॅचमध्ये ती पेन्सिलवाली पुन्हा उठली. मी मनात म्हटलं, आलं. म्हणाली, "बाई, म काढून बघितला, नी काढून बघितला. सा काढून बघू या का?"

मी म्हटलं, बघ काढून.

तिने डोळे मिटले. रे ग प, ग प ध, प ग रे. दोनदा-तीनदा फिरली. मग डोळे उघडून तंबोऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा काढूच देत नाही."

---

तिरकीटधा

मावशी, तिला मोठ्या बॅचच्या वेळी बसवा कोपऱ्यात. पेन्सिल काढून घेऊ नका.